आकड्याच्या आधीची ओळ

डॉक्टर, नमस्कार.

मी कराडजवळच्या एका गावातून लिहितेय. माझे वडील 71 वर्षांचे आहेत, एस.टी.त ड्रायव्हर होते. रात्री लघवीला चार-चारदा उठावं लागतं म्हणून प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली. रिपोर्ट जसाच्या तसा उतरवते : प्रोस्टेट 42 ग्रॅम. लघवी झाल्यावर मूत्राशयात शिल्लक 30 मिली. डाव्या किडनीला सौम्य हायड्रोनेफ्रोसिस, उजवी ठीक. डाव्या कॉमन इलियॅक आर्टरीचा ॲन्युरिझम, 3.6 सेंमी. महाधमनी 2.7 सेंमी.

एक डॉक्टर म्हणाले, स्टेंट टाकून घ्या, थांबू नका. दुसरे म्हणाले, चार सेंमीच्या आत आहे, सहा महिन्यांनी बघू. काका म्हणतात गाठ आहे, रक्त पातळ करायच्या गोळीने विरघळेल. आत्या पोट चोळणाऱ्या बाईंकडे न्यायचं म्हणते. बाबांचं म्हणणं, मला काही होत नाही, मला कापू नका. मधूनमधून डाव्या बाजूला कंबरेत दुखतं आणि संध्याकाळी डावा पाय सुजतो, पण ते वयामुळे असं तेच सांगतात. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. दिवसाला सहा-सात बिड्या ओढतात. लघवीच्या जळजळीसाठी दोन वेळा सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स झालाय. दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी वारी करतात. यंदा पाठवू का?

— एक मुलगी

ताई,

तुमच्या घरातलं सगळं भांडण 3.6 या आकड्यावरून चाललंय. मी मात्र अडकलो तो त्याच्या आधीच्या ओळीवर. डाव्या किडनीला सौम्य हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे किडनीतून लघवी खाली उतरताना कुठेतरी अडतेय आणि किडनी थोडी फुगलीय. ही ओळ तुम्हाला कुणी समजावून सांगितलेली दिसत नाही. ‘सौम्य’ हा शब्द पाहिला की आपण सगळेच पुढे जातो. मीही तरुणपणी गेलोय.

प्रोस्टेटमुळे किडनी फुगते, खरं आहे. पण तेव्हा मूत्राशय तुंबलेलं असतं आणि बहुतेकदा दोन्ही किडन्या फुगतात. तुमच्या वडिलांच्या मूत्राशयात राहिलेली लघवी फक्त 30 मिली आहे आणि फुगलीय एकच किडनी, तीही ज्या बाजूची रक्तवाहिनी फुगलीय त्याच बाजूची. शरीराची रचना डोळ्यांसमोर आणा. पोटातली महाधमनी बेंबीच्या पातळीवर दोन भागांत फुटते, एक उजव्या पायाकडे, एक डाव्या. या दोघी कॉमन इलियॅक. पुढे प्रत्येकीच्या पुन्हा दोन फांद्या होतात : बाहेरची पायात उतरते, आतली ओटीपोटात शिरते. ही दुसरी फूट जिथे होते, तिथूनच किडनीतून येणारी मूत्रवाहिनी धमनीला ओलांडून खाली जाते. त्या जागी धमनी फुगली तर वरून जाणारी मऊ नळी दाबली जाऊ शकते. कधी फुगवटा तितका मोठाही नसतो, पण त्याच्याभोवती सुजेमुळे चिवट, चिकट थर तयार होतो आणि मूत्रवाहिनी त्यात अडकते. अर्थात मूत्रवाहिनीत खडाही असू शकतो. पण ते शोधायचं आहे, गृहीत धरायचं नाही.

आता दोन डॉक्टरांची दोन मतं. यात कुणी तुम्हाला फसवतंय असं मला वाटत नाही. पुरुषांत कॉमन इलियॅक साधारण 1.2 सेंमी रुंद असते आणि दीडपट झाली, म्हणजे 1.8 सेंमीच्या वर गेली, की तिला ॲन्युरिझम म्हणतात. मराठीत धमनीविस्फार हा चांगला शब्द आहे, पण तो रिपोर्टवर कधी येत नाही, म्हणून आपण ॲन्युरिझमच म्हणू. किती मोठा झाल्यावर दुरुस्त करायचा, यावर तज्ज्ञांचीच मतं सरकत गेली. युरोपातल्या रक्तवाहिनी-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत 3.5 सेंमीपासून विचार करा असं म्हटलं होतं, 2024 मध्ये ती मर्यादा 4 सेंमीवर नेली. तुमच्या वडिलांचे 3.6 नेमके या दोन आकड्यांच्या मधल्या बोळात सापडलेत. पण दोन्ही आकडे ज्यांना काहीही त्रास नाही अशांसाठी आहेत. फुगवट्यामुळे मूत्रवाहिनी दाबली जात असेल, पाय सुजत असेल, कंबर दुखत असेल, तर मोजपट्टी बाजूला ठेवावी लागते. तेव्हा ‘चार सेंमीच्या आत आहे’ हे उत्तर अपुरं आहे, आणि ‘उद्या स्टेंट टाका’ हेही पुरेशा तपासणीआधीच दिलेलं उत्तर आहे.

शिवाय 3.6 हा आकडा सोनोग्राफीचा. ओटीपोटात खोलवर, आतड्यांतल्या वायूच्या आडून घेतलेलं माप काही मिलिमीटरने इकडेतिकडे होतं. धमनी वळणदार असली आणि तिचा छेद तिरका मिळाला तर ती आहे त्यापेक्षा जाडही दिसते.

म्हणून पहिलं काम सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून डाय, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, सोडून सगळ्या धमन्यांचे बारीक काप घेतात. माप अचूक मिळतं, भिंतीभोवती सूज आहे का दिसतं, उजवी इलियॅकही कळते. हे दुखणं अनेकांत दोन्ही बाजूंना असतं, एक सापडली म्हणजे दुसरी निर्दोष असं नाही. एक गोष्ट आवर्जून मागा : डाय किडनीतून उतरून मूत्रवाहिनीत येईपर्यंत थांबून काढलेले उशिराचे फोटो. ते त्याच खेपेला घेतले तर अडथळा नेमका कुठे आहे ते त्याच डायमध्ये दिसतं. नाहीतर धमनीसाठी एक सीटी होतो, पंधरा दिवसांनी यूरोलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या विकारांचा तज्ज्ञ, दुसरा सांगतो आणि आधीच त्रासलेल्या किडनीला दोनदा डाय सोसावा लागतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी, आधी करून घ्या. ते वाढलेलं असेल तर तसं रेडिओलॉजिस्टला सांगा, ते डाय कमी वापरतील किंवा दुसरा मार्ग काढतील. डाव्या पायाच्या शिरांचा डॉपलरही, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, त्याच दिवशी उरका. फुगलेली धमनी शेजारची शीर दाबते तेव्हा पाय सुजतो आणि तिथे खरोखरची गुठळी झाली असेल तर तिचा उपचार वेगळा आहे.

गुठळीवरून काका आठवले. त्यांचा गोंधळ रास्त आहे, कारण आपण सगळ्यालाच ‘गाठ’ म्हणतो. ॲन्युरिझम ही कॅन्सरची गाठ नाही आणि रक्ताची गुठळीही नाही. ती फुगलेली भिंत आहे. तुमच्या बाबांना एका वाक्यात कळेल : टायरला फुगा आलाय. रबराचा थर आतून कमकुवत झाला की तेवढी जागा हवेच्या दाबाने बाहेर येते, आणि जितकी बाहेर येते तितका तिच्यावरचा ताण वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने भिंत जाड होत नाही. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा कोलेस्टेरॉलची स्टॅटिन डॉक्टर सुरू करतील, ती घ्यावीच, कारण ज्यांची ही धमनी बिघडते त्यांच्या हृदयाच्या धमन्याही बहुधा तशाच असतात. पण फुगा लहान करणारं औषध आजच्या घडीला नाही, कुठल्याच पॅथीत नाही. आत्यांनी सुचवलेलं पोट चोळणं पूर्ण बंद. बेंबी सरकली, वायगोळा झाला म्हणून खोलवर दाबून चोळतात, ते या पोटावर नको.

आणखी एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात : सिप्रोफ्लॉक्सासिनचे दोन कोर्स. या जातीच्या प्रतिजैविकांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2018 मध्ये इशारा दिला होता, की ज्यांना महाधमनीचा किंवा इतर रक्तवाहिन्यांचा ॲन्युरिझम आहे त्यांना दुसरा पर्याय नसल्याशिवाय ती देऊ नयेत. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन याच कुटुंबातली. ज्या डॉक्टरांनी दिलं त्यांना तेव्हा ॲन्युरिझम माहीतच नव्हता, त्यांचा दोष नाही. यापुढे मात्र प्रत्येक डॉक्टरला आणि औषधाच्या दुकानदारालाही आधी ‘ॲन्युरिझम आहे’ हे सांगायचं. फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहा.

आता समजा सीटीत दाब सिद्ध झाला, किंवा माप चारच्या वर निघालं. मग दुरुस्तीचे दोन रस्ते. पोट उघडून फुगलेला तुकडा वगळायचा आणि कापडी नळी शिवायची, हा जुना, भक्कम रस्ता. मोठं ऑपरेशन, आठ-दहा दिवस रुग्णालय, पण एकदा बरं झालं की पुढची कटकट कमी. दुसरा रस्ता जांघेतून. कापडाने मढवलेला स्टेंट धमनीतून वर नेऊन आतून अस्तरासारखा बसवायचा, म्हणजे रक्त अस्तरातून वाहतं आणि फुग्यावर दाब येत नाही. स्टेंट म्हटलं की आपल्याकडे हृदयच डोळ्यांसमोर येतं, तेव्हा बाबांना आधी सांगा, हा तो नव्हे. त्यात यूरोलॉजिस्ट किडनी मोकळी करायला ‘डीजे स्टेंट’ म्हणतील, तो तिसराच, मूत्रवाहिनीत घालायची मऊ नळी. एकाच घरात तीन स्टेंटची चर्चा चालली की काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय.

पोटातली महाधमनी आतून अशी दुरुस्त करण्याचं काम ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी 1990 मध्ये केलं. त्याआधीचा काळ किती कठीण होता पाहा. 1817 मध्ये लंडनला ॲस्टली कूपर यांच्याकडे इलियॅक ॲन्युरिझममधून रक्तस्राव होणारा 38 वर्षांचा एक हमाल होता. दुसरा उपायच न उरल्याने त्यांनी त्याची महाधमनी दोऱ्याने बांधली. तो चाळीसेक तास जगला. दहा वर्षांनी न्यूयॉर्कला व्हॅलेंटाइन मॉट यांनी कॉमन इलियॅकच बांधली आणि त्यांचा रोगी वाचला. मुख्य रस्ता बंद झाला तरी शेजारच्या बारीक वाटांनी रक्त पायाला पोचलं. या वाटा बहुतांश त्या आतल्या फांदीच्या जाळ्यातल्याच.

आणि इथेच तुमच्या वडिलांचा खरा प्रश्न आहे. फुगा जर कॉमन इलियॅकच्या शेवटापर्यंत, म्हणजे फांद्या फुटतात तिथपर्यंत गेला असेल तर अस्तराचं खालचं टोक निरोगी भिंतीवर टेकवायला बाहेरच्या फांदीत उतरावं लागतं. मग आतल्या फांदीचं तोंड अस्तराखाली झाकलं जातं. पूर्वी सर्रास असं करायचे, की आधी त्या आतल्या फांदीत धातूच्या बारीक कॉइल टाकून ती बंद करायची आणि मग अस्तर बसवायचं. जीव वाचतो, फुगा बंद होतो. पण ही फांदी ढुंगणाच्या स्नायूंना, मूत्राशयाला, आतड्याच्या शेवटच्या भागाला आणि जननेंद्रियांना रक्त देते. एका बाजूची बंद केली तर साधारण चारांपैकी एकाला चालताना त्या बाजूचं ढुंगण आणि मांडी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, पुन्हा चालावं तर पुन्हा तेच. पुष्कळांचं काही महिन्यांत कमी होतं, काहींचं राहतं. दोन्ही बाजूंची बंद झाली तर आतड्याला आणि क्वचित मज्जारज्जूलाही धोका असतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला हा त्रास कदाचित जाणवणार नाही. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणाऱ्या माणसाची मात्र त्यात वारी जाते.

म्हणून सर्जनसमोर बसलात की एकच प्रश्न न चुकता विचारा : आतल्या फांदीचं काय करणार? ती वाचवण्याचे उपाय आहेत. फांदी असलेलं अस्तर मिळतं, त्याचं एक टोक बाहेरच्या फांदीत आणि एक आतल्या फांदीत जातं, दोन्हीकडे रक्त चालू राहतं. सगळ्यांच्या धमनीत ते बसत नाही. जागा पुरेशी रुंद लागते, आतली फांदी स्वतः फुगलेली किंवा चुन्याने कडक झालेली नको, आणि ते महाग असतं. थोड्याच रुंदावलेल्या धमनीत तळाशी पसरट होणारं अस्तरही वापरतात. त्या युक्तीला डॉक्टर खरोखरच ‘बेलबॉटम’ म्हणतात, सत्तरच्या दशकातल्या पँटवरून. 3.6 ला ते पुरणार नाही. सर्जन ‘कॉइल करू’ म्हणाले तर घाबरू नका, कधी तेच योग्य असतं. फक्त का, हे त्यांनी सीटीवर बोट ठेवून दाखवायला हवं, आणि उजवी आतली फांदी मोकळी आहे ना, हेही.

जननेंद्रियांचा मुद्दा मुलीने वडिलांशी काढावा असं मी म्हणणार नाही. पण 71 वर्षांच्या माणसाला या गोष्टीचं काही नसतं, हे गृहीत धरूनही कुणी चालू नये. सर्जनना आधी सांगून ठेवा, की पाच मिनिटं बाबांशी एकट्याने बोला.

मूत्रवाहिनी खरोखर चिकट थरात अडकली असेल तर नुसतं अस्तर घालून ती लगेच सुटते असं नाही. फुगा आतून निवळायला महिने लागतात. तोवर डीजे स्टेंटवर किडनी सांभाळावी लागते, कधी मूत्रवाहिनी सोडवण्यासाठी पोट उघडणं बरं ठरतं. तेव्हा रक्तवाहिन्यांचा सर्जन आणि यूरोलॉजिस्ट, दोघांनी एकमेकांशी बोललेलं तुम्हाला दिसलं पाहिजे. चिठ्ठी घेऊन तुम्ही दोन मजल्यांवर धावपळ करणं म्हणजे ते बोलणं नव्हे. आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशनचा विषय कुणी काढला तर हे उलगडेपर्यंत थांबा.

जांघेतून केलेल्या दुरुस्तीनंतर दोन-चार दिवसांत घरी सोडतात, त्यामुळे लोकांना वाटतं काम संपलं. अस्तराच्या कडेने फुग्यात पुन्हा रक्त गळू शकतं. महिन्याभराने एक सीटी, मग सहसा वर्षभराने, आणि पुढे दरवर्षी निदान सोनोग्राफी, ही आयुष्यभराची. हे जमणार नसेल तर आधीच सांगा, त्यावर रस्त्याची निवड बदलू शकते. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. ऑपरेशन बसतं का आणि अस्तराची किंमत त्यात धरलीय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींचं उत्तर लेखी घ्या.

सीटीत काहीच दाब नाही, मूत्रवाहिनीत खडाच होता, असं निघालं तर? तर दुसरे डॉक्टर बरोबर. तीन सेंमीच्या आतले फुगे वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, त्याहून मोठे अडीच-तीन. तेव्हा थांबणं हाही उपचारच, पण सहा महिन्यांनी माप न चुकवता. महाधमनी 2.7 आहे. तीनच्या वर ॲन्युरिझम म्हणतात, त्यामुळे आज काही नाही, पण तिचंही माप सोबत घ्यायचं. गुडघ्यामागच्या धमन्याही एकदा पाहून घ्या, या माणसांत तिथेही फुगे सापडतात. आणि बाबांचे भाऊ, तुमचा भाऊ पन्नाशी ओलांडलेला असेल तर तो, यांची एकेक पोटाची सोनोग्राफी. काकांना गोळीऐवजी हे काम द्या.

बिडी. सहा-सात म्हणजे काहीच नाही असं त्यांना वाटत असेल. ओढणाऱ्यांचे फुगे लवकर वाढतात आणि लवकर फुटतात, आणि यात स्वतःच्या हातात असलेली एवढीच एक गोष्ट आहे. बीपी वरचं 130 ते 140 च्या आत हवं, घरी यंत्र आणून वहीत लिहा.

एक प्रसंग मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. अचानक ओटीपोटात, कंबरेत किंवा जांघेत जोराची कळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी सगळे ‘मुतखडा असेल’ म्हणतात, अनुभवी डॉक्टरही फसतात. गावात सलाईन लावून वाट पाहायची नाही. 108 ला फोन, फोनवरच ‘पोटातला ॲन्युरिझम’ हे शब्द, सीटी आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन असलेलं रुग्णालय कोणतं हे आजच विचारून ठेवलेलं, आणि सीटीची सीडी सोबत. ते रुग्णालय कराडात, सांगलीत की कोल्हापुरात, हे त्या क्षणी शोधत बसू नका.

‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या बाबांना ऑपरेशनचं नाव आज काढूच नका. आज फक्त एक फोटो काढायचाय. ते अडले तर विचारा, टायरला फुगा दिसल्यावर त्यांनी कधी भरलेली गाडी खंबाटकी घाटात घातली होती का.

राहिली वारी. चालण्याने फुगा फुटत नाही, त्यामुळे रोजचं फिरणं बंद करू नका. पण किडनी का फुगलीय ते कळेपर्यंत दोन-अडीच आठवडे रस्त्यावर, उन्हापावसात, कमी पाण्यावर त्यांना पाठवू नये असं माझं मत आहे. सीटी आधी झाला आणि सर्जन हो म्हणाले तर यंदा त्यांना एस.टी.ने वाखरीपर्यंत जाऊ द्या. तिथून दिंडीबरोबर शेवटचा टप्पा ते चालतील. सोबत कुणीतरी असावं, आणि पिशवीत ती लाल शाईची फाइल.